फैजानला मागणी आली तो हिवाळा

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली की टाळण्यात माझा हात बसला. कोणी विचारलं, "इब्राहिमचाचा, हमीदच्या फैजानचं नक्की काय झालं होतं हो?" की मी लगेच सुरमईवर येतो. इथे सौदीत, तबूकच्या बाजारात सुरमई मिळते, पण तिला हर्णेच्या सुरमईची चव नाही. या विषयावर आमच्या बाजूचा कोणीही माणूस अर्धा तास दुःख करू शकतो, आणि तेवढ्यात फैजान मागे पडतो. बायको हे सगळं बघत आली आहे. यंदा ती म्हणाली, "तुमचे मासे संपले आता. बोलता येत नसेल तर लिहून तरी टाका."

लिहायला बसलो त्याला कारण थंडी. दुकानांच्या दारात फरवे लटकायला लागले, म्हणजे आतून लोकर लावलेले ते लांब झगे, की तबूकमध्ये परीक्षा आल्या असं समजावं. माझी नात घरात पुस्तक घेऊन फेऱ्या मारते, डोक्यावर माकडटोपी, पायात दोन-दोन मोजे. मी म्हणतो, "बस जरा, चक्कर येईल." ती म्हणते, "दादा, डोन्ट डिस्टर्ब." हीटरचा तापलेल्या धुळीचा वास येतो, आणि मला तो दुसरा हिवाळा आठवतो ज्यात हीटरजवळ पुस्तकाऐवजी चेंडू ठेवलेला असायचा.

हर्णेला थंडी म्हणजे सकाळी उठल्यापासून न्याहारीपर्यंत. त्यानंतर बनियनवर बसावं. तबूकची थंडी तशी भिडस्त नाही. ती उत्तरेकडून येते, खिडकीच्या फटीतून आत शिरते आणि मार्चपर्यंत पाहुण्यासारखी बसून राहते. नमाजाआधी वजूच्या पाण्याने बोटं काही वेळ आपली वाटत नाहीत. लौजच्या डोंगरावर बर्फ पडलं की सगळं शहर गाड्या काढून बघायला निघतं, आणि आम्ही कोकणातली माणसं घरात रजई घेऊन त्यांचे व्हिडिओ बघतो.

त्या थंडीत चेंडू मरतो, हे मला फैजानमुळे कळलं. बास्केटबॉल गार पडला की उसळत नाही. गच्चीवर आपटला तर नाराज होऊन परत येतो. म्हणून फैजान तो आधी हीटरजवळ तापवायचा, आणि सकाळी लवकर खेळायला जायचं असलं तर रजईत घेऊन झोपायचा. रुकय्याभाभी, त्याची आई, माझ्या बायकोला सांगायची, "माझ्या पोराला लग्नाआधीच बाळ झालंय. कूस बदलतानासुद्धा सांभाळून बदलतो." खालच्या मजल्यावरचे मिसरी, म्हणजे इजिप्तचे, गृहस्थ छताला झाडूच्या दांड्याने ठोकायचे. फैजान त्या ठोक्यांच्या तालावर चेंडू आपटायचा.

त्याची उंची हा आमच्या सगळ्यांच्या काळजीचा विषय होता. हमीद माझ्या खांद्याला लागायचा आणि मी काही ताडमाड नाही. रुकय्याभाभी त्याहून लहान. या दोघांच्या घरात हे एवढं झाड कुठून उगवलं, कोणाला कळेना. हमीद म्हणायचा, "इथलं पाणी. पाण्यात काहीतरी टाकतात." दारातून आत येताना फैजान सवयीने मान वाकवायचा, इतकी की मशिदीच्या भल्या उंच दारातूनही तो वाकूनच जायचा आणि लोकांना वाटायचं, किती अदब आहे पोराला.

हमीद आणि मी एकाच गावचे, एकाच शाळेचे. तो दापोलीला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता तेव्हा त्याच्या मामूने व्हिसा पाठवला. हमीद परीक्षेलाही थांबला नाही. मी तर त्याच्याही आधी अर्ध्यावर उठलो होतो. तबूकमध्ये मी किराणा दुकान चालवलं आणि हमीदने गाड्यांच्या सुट्या भागांचं. आमच्या इकाम्यांवर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यांवर, मात्र वेगळंच लिहिलेलं होतं. ज्या धंद्याचा व्हिसा कफीलकडे, म्हणजे आपल्याला बोलावणाऱ्या सौदी मालकाकडे, शिल्लक असेल तो धंदा आपला. मी कागदावर सुतार होतो. घरातल्या खुर्चीचा पाय निखळला तर मी सुताराला बोलवायचो, ज्याच्या इकाम्यावर 'स्वयंपाकी' असं होतं. हमीद होता मेंढपाळ. हा मेंढपाळ बकरी ईदला बकऱ्याच्या दोरीचं टोक माझ्या हातात द्यायचा आणि स्वतः गाडीत काचा वर करून बसायचा.

म्हणून हमीदची एकच इच्छा होती. आपल्या मुलाच्या इकाम्यावर 'मुहंदिस', म्हणजे इंजिनिअर असं यावं, आणि ते खरं असावं. फैजान इथेच जन्मलेला, इथल्याच कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हमीद ओळख करून देताना त्याचं नाव सांगायचाच नाही. "हा माझा मुहंदिस," एवढंच.

आता माझ्याविषयी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्नं जुळवणं हा माझा छंद होता. तबूक, हाइल, हफ्र अल बातिन, जिथे आमच्या किनाऱ्याची माणसं पोचली तिथे मी जुळवलेली जोडपी आहेत, आणि बहुतेक अजून एकत्र आहेत. या कामाचं एक शास्त्र आहे. एका घरचं बोलणं दुसऱ्या घरी नेताना वाटेत गाळायचं. मुलाची आई म्हणाली, "मुलीला भाकरीसुद्धा थापता येत नाही म्हणे," तर मुलीच्या घरी सांगायचं, "त्यांच्या आईला सुनेला हाताशी घेऊन शिकवायची फार हौस." मुलीचा बाप म्हणाला, "पोरगा जरा बावळट वाटतो," तर सांगायचं, "त्यांना मुलाचा सरळपणा आवडला." यात मी कधी पाप मानलं नाही. कडू तेवढं मध्यस्थाने गिळावं, म्हणूनच तर त्याला दोन्हीकडे जेवायला बसवतात.

असा मी, आणि त्या हिवाळ्याच्या तोंडाशी हमीदचा फोन आला. आवाज पडलेला. "इब्राहिम, फैजानला मागणी आली."

"मुलगी कुठली?"

"मुलगी नाही. क्लब आहे."

शहरातल्या एका क्लबच्या व्यवस्थापकाने, अबू तुर्की नावाच्या गृहस्थाने, फैजानला कॉलेजच्या संघात खेळताना पाहिलं होतं. इथे जन्मलेल्या परदेशी मुलांना क्लबात घ्यायची मुभा तेव्हा नव्याने मिळाली होती. क्लब पगार देणार, कफील बदलून स्वतःकडे घेणार. अबू तुर्की शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपार उलटल्यावरच्या, नमाजानंतर घरी येऊन वडिलांशी बोलणार होते. हमीदचं अरबी गिअर बॉक्स आणि ब्रेकपलीकडे जात नसे, आणि अशी मागणी घेऊन येणाऱ्याला कसं बसवायचं हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. मग जे माहीत होतं तेच केलं.

रुकय्याभाभीने आदल्या दिवसापासून सांदणं वाफवली. नवे पडदे लावले. हमीदने मला विचारलं, "आपण दोघंच बसायचं की मशिदीतले चार वडीलधारे बोलवायचे?" मी अनुभवी माणसाच्या थाटात म्हणालो, "पहिल्या बैठकीला गर्दी नको. होकारही द्यायचा नाही, नकारही द्यायचा नाही." आणि फैजानला आतल्या खोलीत बसवलं. तो म्हणाला, "चाचा, मला अरबी येतं. मीच बोलतो ना." मी म्हणालो, "आपली बोलणी आपण करायची नसतात. बोलावलं की चहा घेऊन ये. नजर खाली ठेव."

"चाचा, आर यू सीरियस?"

"आणि तो झगझगीत बनियन काढ. कुर्ता घाल."

अबू तुर्की आले. रुंद माणूस, खांद्यावर उंची फरवा, हातात खजुराचा डबा. ते बसले तसा आमचा सोफा अदबीने खाली गेला. मी अरबीत विचारपूस केली, तब्येत, मुलं, वाटेतला गारवा. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुझं अरबी तर हाइलच्या माणसासारखं आहे."

माणसाचं नुकसान कुठून सुरू होतं हे त्याला त्या वेळी कळत नाही. मला वाटलं ही नुसती स्तुती आहे. इतकी वर्षं मी याच माणसांना साखर-चहापत्ती विकली, कोणी माझ्या अरबीची दखल घेतली नव्हती. मी हमीदकडे बघून तेवढं वाक्य मात्र शब्दशः आपल्या बोलीत करून सांगितलं.

मग फैजान चहाचा ट्रे घेऊन आला. दारातून वाकला, आणि सवयीने वाकलेलाच राहिला. माझा हुकूम म्हणून नजर खाली. कप ट्रेमध्ये किणकिणत होते. अबू तुर्कीने चहा बाजूला ठेवला आणि त्याचा पंजा हातात घेऊन उघडला, बोटं ताणून पाहिली, खांदे दाबून पाहिले. म्हणाले, "चालून दाखव." फैजान सोफ्यापासून दारापर्यंत चालून परत आला. पडद्याआड रुकय्याभाभीने नाक ओढल्याचा आवाज आला. हमीद माझ्या कानात म्हणाला, "आपल्या मुलींना किती त्रास होत असेल नाही यात?" मी त्याला गप्प केलं, पण ते खरं होतं. मी कित्येक मुलींना असं चालायला लावलं होतं आणि माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

फैजान आत गेल्यावर बोलणी सुरू झाली. हमीदने मुलीच्या बापाने विचारावे तसे प्रश्न विचारले. "आधी कुठली मुलं घेतली होती? त्यातली किती टिकली? सोडून दिलं तर का दिलं?" आज वाटतं, एवढे शहाणे प्रश्न कुठल्या वकिलानेही विचारले नसते. मी एकेक गाळून पुढे नेत होतो. मग हमीद म्हणाला, "विचार, माझ्या पोराला नीट नांदवणार ना?" याला मला अरबी सापडेना. मी काहीतरी जुळवलं. अबू तुर्की हसले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "माझ्या मुलासारखा."

"आणि शिक्षण?" हमीद म्हणाला. "हे नीट विचार, इब्राहिम. शिक्षण सुटता कामा नये. सुटणार असेल तर मला काही नको, त्यांचा डबा त्यांना परत दे."

मी विचारलं. अबू तुर्की पुढे वाकले. माणूस सरळ होता, हे आज मी कबूल करतो. ते म्हणाले, "हे साफ सांग त्याला. मोसमात परीक्षा नाही. सामना आणि पेपर एका दिवशी आले तर सामना. ज्याला पेपर हवा त्याने आत्ताच घरी बसावं. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

खोलीत सांदणाचा, नारळाचा वास होता. हमीद माझ्या तोंडाकडे बघत होता. आत भाभी खजुराच्या डब्याचं कौतुक करत होती. सगळं इतकं छान जुळत आलं होतं. मोडायचं कोणाच्या जिवावर येतं अशा वेळी? आणि मी त्या खोलीतला हाइलचा माणूस होतो. मी ते वाक्य गिळलं. म्हणालो, "म्हणतात, परीक्षेचं अडणार नाही. सुट्टी देऊ."

हमीदने डोळे मिटून दोन्ही हात वर केले आणि दुआ मागितली. अबू तुर्कीनेही हात वर केले. मीही केले.

माझा हिशेब सरळ होता. लग्नात असंच होतं. आधी जुळतं, मग जमवून घेतात. परीक्षा येईपर्यंत कोण कुठे असेल.

त्या मोसमातले सामने मी विसरू म्हणता विसरत नाही. क्लबच्या दालनात आम्ही थर्मास घेऊन बसायचो. हमीदला खेळ कळायला वेळ लागला. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "हा चेंडू एवढा आपटत काय बसतो? हातात घेऊन सरळ पळ की." मी सांगितलं, तसा नियम आहे. तो म्हणाला, "मग नियमात खोट आहे." पंधरवड्यात तोच हमीद उभा राहून पंचाला आमच्या बोलीत शिव्या देत होता. शेजारचे सौदी तरुण ढोल वाजवायचे आणि फैजानने चेंडू टाकला की "या हिंदी, या हिंदी" म्हणून, म्हणजे 'अरे हिंदुस्थानी' असं ओरडायचे. हमीद वळून त्यांना सांगायचा, "मुहंदिस. मुहंदिस आहे तो." ते समजायचे की याचं नाव मुहंदिस. थोड्या दिवसांनी सगळं दालन ढोलावर "मुहंदिस" म्हणायला लागलं. हमीद थर्मासचं झाकण हातात धरून हे ऐकत बसायचा. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटायचं, मी जुळवलेलं हे सगळ्यात चांगलं स्थळ.

फैजान कसा खेळायचा हे मला सांगता येणार नाही, माझी ती नजर नाही. एवढंच पाहिलं की घरात दारं, पंखे, आईची काचेची भांडी सांभाळत वाकून वावरणारा मुलगा तिथे सरळ उभा राहायचा. पहिल्यांदाच त्याच्या डोक्यावर पुरेशी जागा होती.

मधल्या काळात मशिदीबाहेर लोक हमीदला टोमणे मारायचे. "शिक्षण सोडवलंस म्हणे पोराचं, चेंडूसाठी?" हमीद ताठ मानेने सांगायचा, "सुटलेलं नाही. सुट्टी देणार आहेत. इब्राहिमसमोर ठरलंय." आणि मी मान हलवायचो. टोमणे मारणारे तरी कोण? एक दहावी नापास होऊन आलेला, एक आयटीआय अर्धा टाकून. आमच्या पिढीतला प्रत्येक जण कॉलेज किंवा शाळा मध्येच सोडून कमवायला निघालेला. आम्हाला कोणी अडवलं नाही, उलट गावाने हार घालून एस्टीत बसवलं. माणूस शिकणं सोडून किराणा विकायला गेला तर नशीब काढलं, आणि शिकणं सोडून ज्यात त्याचा हात चालतो ते करायला गेला तर वाया गेला. हे गणित मला अजून सुटलेलं नाही. पण हमीदने विचार करून हो म्हणणं वेगळं आणि मी त्याच्या वतीने गिळणं वेगळं. तेवढा फरक मला तेव्हाही कळत होता.

परीक्षा आली. पहिल्या पेपरच्या दिवशी फैजान संघाबरोबर हफ्र अल बातिनला होता. पुढच्याही पेपरांना तो कुठे ना कुठे होता. हमीद समजत होता की मुलगा सकाळी क्लबकडून परस्पर पेपरला जातो. मग कॉलेजातून हमीदच्या फोनवर निरोप आला, आणि कसलासा अरबी मजकूर म्हणून तो वाचून घ्यायला हमीद माझ्याकडेच आला. मी वाचला. या वेळी एक अक्षरही गाळता आलं नाही. गैरहजर, सगळ्या विषयांत गैरहजर.

त्या दिवशी दुपारी हमीदच्या बैठकीत आम्ही चौघं होतो. तोच सोफा, तेच पडदे. फैजान उभा.

"पेपरला का नव्हतास?"

"अब्बा, सुट्टी देत नाहीत."

"देत नाहीत की तू मागितली नाहीस?"

"देतच नाहीत. मला वाटलं होतं तारखा एकत्र येणार नाहीत. आल्या."

"खोटं बोलू नकोस. माझ्या समोर, या खोलीत त्यांनी कबूल केलंय. इब्राहिम, तू सांग याला."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मला खोकला आला. सुरुवातीला तो खोटा होता, मग खरा झाला. डोळ्यांतून पाणी आलं, छाती भरून आली. भाभी पाणी आणायला धावली. हमीद माझ्या पाठीवर हात फिरवत होता आणि म्हणत होता, "सावकाश. घाई नाही. पण सांग त्याला."

पाणी पिऊन मी म्हणालो, "तसं म्हणाले होते खरे."

फैजान माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा बोलेल. त्याने मान वाकवली, जिथे दार नव्हतं तिथेही, आणि म्हणाला, "सॉरी, अब्बा. मी पेपर चुकवले."

हमीद त्यानंतर मुलाशी बोलायचा थांबला. एका घरात राहून, एका ताटात जेवून न बोलणं सोपं नसतं. तो भाभीमार्फत बोलायचा. "विचार त्याला, मीठ हवंय का." फैजान समोरच बसलेला. कधी भाभी नसली तर तो मला सांगायचा आणि मी फैजानला सांगायचो. म्हणजे मध्यस्थी माझ्याकडेच राहिली. सामन्यांना हमीद पुन्हा आला नाही. कॉलेजने नाव कापलं. पुढच्या मोसमात क्लबने परदेशातून दोन खेळाडू आणले, फैजानपेक्षाही उंच, आणि अबू तुर्कीने त्याला खांद्यावर हात ठेवून सांगितलं, खलास. माणूस तेव्हाही सरळच बोलला. फैजान हाइलला गेला, एका खाजगी शाळेत मुलांना खेळ शिकवायला. पदवी नाही म्हणून दर वर्षी त्याची नोकरी धाग्याला बांधल्यासारखी लटकते आणि दर वर्षी टिकते, कारण त्याची पोरं सामने जिंकतात.

हमीद दुकान विकून हर्णेला गेला. जाताना विमानतळावर फैजान आला होता. हमीदने मला सांगितलं, "त्याला सांग, जेवणाची आबाळ करू नको." मी सांगितलं. पुढे काही वर्षांनी एका ईदला हमीदने स्वतःच मुलाला फोन केला. मला नंतर कळवलं, आवाजात मोठेपणाची गोड धाप, "माफ केलं मी त्याला. बाप आहे शेवटी. खोटं बोलला, पण आपलंच रक्त." गावात त्याने हे सगळ्यांना सांगितलं. जुम्म्यानंतर लोक त्याचा हात धरून म्हणायचे, मन मोठं आहे तुमचं. हमीदच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मला ते सहन होईना. मी माझ्या मुलाच्या गाडीने हाइलला गेलो. रस्ता लांब, दोन्ही बाजूंना वाळू, मग अचानक गव्हाची हिरवी वर्तुळं. सगळी वाट मी वाक्य घोकत होतो. फैजानने मला शाळेच्या मैदानावर नेलं, पोरांना ओळीत उभं करून माझी ओळख करून दिली, मग घरी नेऊन भात-कोंबडी खाऊ घातली. हात धुऊन बसलो तेव्हा मी सुरुवात केली. "फैजान, त्या दिवशी अबू तुर्की परीक्षेबद्दल जे म्हणाले..."

"माहीत आहे, चाचा."

"काय माहीत आहे?"

"पेपरच्या आधी मी त्यांच्याकडे सुट्टी मागायला गेलो होतो. ते म्हणाले, तुझ्या चाचाला मी पहिल्याच दिवशी साफ सांगितलंय."

म्हणजे त्या बैठकीत, मी खोकत होतो तेव्हा, त्याला सगळं ठाऊक होतं. मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

तो कप विसळत होता. म्हणाला, "तुम्ही लालबुंद झाला होता. मला वाटलं, बोललो तर तुम्हाला तिथेच काही होईल. आणि अब्बांना इथे तुमच्याशिवाय होतं कोण? मी रोज बाहेर. तुमच्याशी बिनसलं असतं तर संध्याकाळचा चहा कोणाबरोबर प्यायले असते? मला वाटलं माझ्यावरचा राग महिन्याभरात जाईल." मग तो हसला. "एस्टिमेट चुकलं."

मला तिथे उठून त्याचे हात धरायला हवे होते. माझ्या तोंडून निघालं, "तू जेवलास का?" आम्ही एकाच परातीतून नुकतेच जेवून उठलो होतो. तो म्हणाला, "हो, चाचा." आणि मग, "अब्बांना आता सांगू नका. माफ करून ते खूश आहेत. राहू द्या."

मी ते लगेच मानलं. मला सोयीचं होतं.

या पावसाळ्यानंतर हमीद आजारी पडला. रुकय्याभाभीने व्हिडिओ कॉल लावून दिला. तिला फोन कानाला लावायचा एवढंच माहीत, त्यामुळे मला पडद्यावर हमीदचा चेहरा दिसला नाही, त्याचा कान दिसला. संपूर्ण पडदाभर कान, आत पांढरे केस. मी म्हणालो, "भाभी, फोन समोर धरा." ती म्हणाली, "समोर धरला तर त्यांना ऐकू येत नाही." मग मी कानाशीच बोललो. थंडी पडली का, त्याने विचारलं. फरवे लागलेत दुकानात, मी सांगितलं. मग तो म्हणाला, "इब्राहिम, फैजानकडे लक्ष ठेव. पोरगा चांगला आहे माझा. आयुष्यात एकदाच खोटं बोलला."

मी म्हणालो, "हो."

त्यानंतर आठवडाभरात तो गेला. फैजान मातीला पोचला, मी पोचलो नाही. आता ऐकतो, मातीहून परतताना लोक त्या मुलाकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत होते, हाच तो, बापाला फसवून शिक्षण सोडणारा, आणि बाप बघा, किती मोठ्या मनाचा. म्हणून हे लिहिलं. ज्यांनी ज्यांनी तसं म्हटलं त्यांनी हे वाचावं आणि हाइलला एक फोन करावा.

पण ते झालं लोकांचं. तो कान माझ्यासमोर होता, इतका जवळ, मध्ये कोणी नाही, भाषा आपली, गाळायचं काही कारण नाही, तरी मी गाळलं. हमीद, तो एकदाही खोटं बोलला नाही. खोटं मी बोललो, तुझ्या घरात, तुझा चहा पीत. मला माफ कर.